दोन तासांत निघू

१८ मे, शनिवार. नागपूर

निवृत्त झालो त्या दिवशी सोबतच्यांनी शाल, घड्याळ आणि ही डायरी दिली होती. घड्याळ लगेच हातात आलं, डायरी दोन वर्षं कपाटात पडून राहिली. घरी बसलेल्या माणसाने लिहायचं काय? उद्या पहाटे निघतो आहोत, म्हणून आज उघडली.

बत्तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीमागे बसून कोणती गाडी कधी आली, कधी सुटली ते रजिस्टरात लिहायचं आणि प्रवाशांना उत्तरं द्यायची, एवढंच काम. एवढंच, असं लोक म्हणतात. उन्हात पन्नास माणसं उभी आहेत, गाडी वाटेत कुठे अडली ते तुम्हालाच ठाऊक नाही, आणि खिडकीत एकच सवाल, साहेब, गाडी कधी? अशा वेळी 'माहीत नाही' म्हणणारा नियंत्रक मी पाहिला आहे, आणि त्याच्या खिडकीची फुटलेली काचही पाहिली आहे. मी कायम वेळ सांगायचो. 'अर्ध्या तासात येते.' वेळ सांगितली की माणूस खाली बसतो, पाणी पितो, शेजारच्याशी बोलायला लागतो. अर्धा तास झाला की पुन्हा अर्धा तास. माझ्या खिडकीवर कधी दगड आला नाही.

आता स्वतःची गाडी. जुनी घेतली, पण सात जण आरामात बसतात अशी. जाणार तिघंच: मी, कांता आणि बहिणीचा मुलगा अंकुश, तो चालवणार. सारनाथ, कुशीनगर, मग सरहद्द ओलांडून नेपाळात लुंबिनी. वैशाख पौर्णिमेला लुंबिनीत असायचं, ही कांताची लग्नापासूनची इच्छा. अडतीस वर्षांनी पुरी होते आहे. वेळापत्रक मी स्वतः आखलं. अठ्ठावीसला सायंकाळी पाच वाजता घरी.

कांताने चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा बांधला. तिच्या गोळ्या सुपारीच्या जुन्या डबीत घातल्या. दोन वर्षांपूर्वी तिचं हृदय थकलं, हा डॉक्टरांचाच शब्द. तेव्हापासून सकाळी पाण्याची गोळी, संध्याकाळी हृदयाची. चुकली की अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, दम लागतो. ती ताकीद आम्हा दोघांना पाठ आहे.

संध्याकाळी प्रीती आली होती. मुलगी असून आईसारखी रागावते. म्हणाली, "आई, चार दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेव."

मी म्हणालो, "काहून? दहा दिवस म्हणजे दहाच दिवस. मी आखलं आहे वेळापत्रक."

कांता हसली आणि दहा दिवसांच्या मोजून घेतल्या.

२३ मे, गुरुवार. लुंबिनी

पौर्णिमा. सारनाथ, कुशीनगर वेळेत झालं, फक्त गोरखपूरला चाळीस मिनिटं गेली. सरहद्दीवर गाडीचा भन्सार काढला. भन्सार म्हणजे परक्या गाडीला इतके दिवस देशात राहण्याची परवानगी. माझ्या नावावर गाडी आत आली, आता माझ्याच नावावर बाहेर जायला हवी.

जन्मस्थळाच्या दगडासमोर मलाही भरून आलं. आई आठवली. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पुढे आयुष्यभर प्रत्येक पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसायची. इथे यायचं मात्र तिला जमलं नाही. मी डोळे पुसले, ते कांताने पाहिलं.

कांता पुष्करिणीजवळच्या झाडाखाली बसली ती बसलीच. अष्टशील घेतलं होतं, दुपारनंतर जेवण नाही. दोन तासांनी मी विचारलं, "झालं का वं?"

"तुम्ही फिरून या. मले बसू द्या. उद्याही इथंच राहू न."

पण वेळापत्रकात दीड दिवस उरत होता. एवढ्या दूर आलो, गाडी जोमात आहे, तर पोखरा पाहून येऊ. तलाव आहे, बर्फाचे डोंगर दिसतात. कांता म्हणाली, "मले नाही पाहायचे डोंगर." मी म्हणालो, एकदा पाहशील तर म्हणशील. अंकुश माझ्या बाजूने होता.

२४ मे, शुक्रवार

गाडी बंद. दुपारी सव्वाबारा. तानसेनच्या पुढे, घाटातल्या वळणावर. सविस्तर लिहून ठेवतो, उद्या कोणी विचारलं तर जबाब तयार असावा.

बुटवलपासून चढ लागला. चढ म्हणजे आपल्याकडचा नव्हे. आपल्याकडे घाट लागतो आणि संपतो, इथे एक संपतो तिथूनच दुसरा निघतो. साडेअकराला अंकुश म्हणाला, "मामाजी, काटा वर चढून राहिला. थांबू का?" इंजिन तापल्याचं दाखवणारा काटा. मी म्हणालो, एसी बंद कर. पुन्हा म्हणाला. मी म्हणालो, घाट संपला की थांबू. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला झापलं, की बत्तीस वर्षं गाड्या पाहिल्या, तू मला नको शिकवू. पाच मिनिटांनी झाकणाखालून वाफ आली, खडखड झाली आणि गाडी उभी राहिली.

कांता मागे होती. "काय झालं, अवो?"

"काही नाही, तापली. दोन तासांत निघू."

तिने पिशवीतून डबी काढली, उघडून पाहिली आणि परत ठेवली. म्हटलं, संध्याकाळची गोळी आत्ताच घेते की काय.

एका मालाच्या गाडीने आम्हाला दोराने ओढत वरच्या भन्ज्याङवर आणलं. खिंडीला इथे भन्ज्याङ म्हणतात. दहा-बारा घरं, एक लॉज, खाली उतारावर गुरुंग नावाच्या कारागिराचं गॅरेज. माणूस पन्नाशीचा, चष्म्याला दोरी बांधलेली. तरुणपणी गोरखपुरात काम केलं म्हणून हिंदी चांगली. त्याने तेलाची कांडी काढून पाहिली. तेल दुधाळ झालं होतं, चहासारखं.

"हेड खोलना पड़ेगा।"

"कितना टाइम?"

"खोले बिना कैसे बोलूँ?"

"अंदाज तो बोलो."

"अंदाज मैं नहीं बोलता, बाऊजी।"

हा कसला कारागीर? गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्याला धीर देणारे दोन शब्द तरी बोलावेत.

लॉजच्या वायफायवर प्रीतीचा फोन आला. मी म्हणालो, "पोखऱ्याला पोचूनच राहिलो. मस्त हवा आहे." कांता समोर बसून ऐकत होती.

२५ मे, शनिवार

इथे आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, शनिवारी असते. हे वेळापत्रक आखताना माझ्या ध्यानात आलं नाही. गुरुंगचं गॅरेज बंद. तो स्वतः अंगणात मक्याची कणसं वाळत घालत बसला होता. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्यांदा त्याने चहा दिला, गाडीबद्दल चकार शब्द काढला नाही.

प्रीतीने तलावाचा फोटो मागितला. मी लिहिलं, धुकं आहे, काही दिसत नाही.

कांता म्हणाली, "लेकीले खरं सांगून टाका न."

"कशाला तिच्या जिवाला घोर? उद्या तर निघूनच राहिलो."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही पोखरा सांगितलं, तर आता पोखराच."

सकाळी ती गोळी घेते तेव्हा मी तिला विचारतो, ही माझी घरची सवय. आजही विचारलं. "घेतली न?" "घेतली न." तिने भाताचे दोन घासच खाल्ले. वरण-भात दोन्ही वेळा, तिला पोळीची सवय.

२६ मे, रविवार

गुरुंगने हेड खोललं. तापून वाकलं आहे आणि त्याखालचं गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं पातळ पान, जळून गेलं आहे. हेड बुटवलला नेऊन मशीनवर घासून आणायचं, गॅस्केट मागवायचं. अंकुश हेड घेऊन बसने जाणार, तिकडूनच भन्सार वाढवून आणणार.

निघताना तो म्हणाला, "मामाजी, मामीले मी घेऊन जाऊ का? गोरखपूरहून नागपूरची रेल्वे मिळते. मामी घरी पोचली की मी परत येतो."

विचार वाईट नव्हता. पण बसचे धक्के, मग रेल्वे, उन्हाळ्याची गर्दी. मी म्हणालो, "दोन दिवसांचा तर सवाल आहे."

कांताने माझ्याकडे पाहिलं. "खरंच दोन दिवस?"

"दोन म्हणजे दोनच."

 मग म्हणाली, "मग राहते मी. तुमाले एकट्याले सोडून मले घरी झोप लागन का?"

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर एकटं राहायची मला भीतीच वाटत होती. परका मुलूख, बोली अर्धीच कळते, गाडीचं पोट उघडं पडलेलं. कांता असली की निदान कोणाला तरी समजावता येतं, आणि समजावता समजावता आपल्यालाही थोडं खरं वाटू लागतं.

जाताना तिने अंकुशच्या कानात काहीतरी सांगितलं आणि कागदावर लिहून दिलं.

२७ मे, सोमवार

अंकुश संध्याकाळी आला. हेड घासून झालं. गॅस्केट बुटवलला नाही, गोरखपूरहून येणार. भन्सार पाच तारखेपर्यंत वाढला.

आल्या आल्या म्हणाला, "मामी, चिठ्ठीबिगर नाही देत म्हणे." कांता घाईने म्हणाली, "राहू दे रे, ॲसिडिटीचीच होती." ॲसिडिटीच्या गोळीलाही इथे डॉक्टरांची चिठ्ठी मागतात! आपल्याकडे पानठेल्यावर मिळेल. शिस्तीचा देश दिसतो.

२८ मे, मंगळवार

आज घरी पोहोचायचं होतं. सायंकाळचे पाच वाजले तेव्हा घड्याळाकडे बघवलं नाही.

त्यात आज इथला गणतंत्र दिवस. पुन्हा सुट्टी. मी लॉजच्या पायऱ्यांवर सकाळपासून चौदा वेळा चढउतार केली असेल. प्रीतीला सांगितलं, एवढं सुंदर आहे की मुक्काम वाढवला. ती म्हणाली, "आईच्या गोळ्या आहेत ना पुरेशा?" मी म्हणालो, "आहेत न. सकाळीच घेतली तिनं माझ्यासमोर." ते खरंच आहे. फोन कांताकडे दिला. ती म्हणाली, "हो वं बाई, मजेत हाय मी," आणि लगेच परत दिला.

कांता रुसली आहे. कालपासून खाली येत नाही, जिना नको म्हणते. संध्याकाळी फिरायला चल म्हटलं तर, "तुम्ही जा." पोखऱ्याचा राग आहे, मला कळतं. लुंबिनीतून उठवायला नको होतं. पण बोलून मोकळं व्हावं, असं मनात धरून बसू नये.

लॉज चालवणारी बाई मला जिन्यात भेटली. म्हणाली, "दीदी के पैर सूज गए हैं। मैंने गरम पानी दिया है।" मी सांगितलं, गाडीत पाय लोंबते ठेवून बसल्यामुळे. बाई काहीतरी बोलणार होती, पण मी घाईत होतो. गुरुंग अंगणात दिसला म्हणून उतरलो. वर आलो तर कांताच्या पायात लॉजच्या रबरी चपला. स्वतःच्या चपलांचा अंगठा तुटला म्हणाली. मी पाहिल्या, धडधाकट होत्या. पण स्त्रियांचं चपलांचं गणित मला कधीच कळलेलं नाही.

मी तिला विचारलंही, "पाय सुजले म्हणे. गोळ्या घेऊन राहिली न बरोबर?"

"रोज घेऊन राहिली. तुमच्या समोरच तर घेते."

खरं आहे. समोरच घेते.

२९ मे, बुधवार

सकाळी जाग आली तर कांता भिंतीला टेकून बसलेली, पाठीशी तिन्ही उशा.

"बसून काय करून राहिली?"

"डोंगर पाहून राहिली."

पडदा लावलेला होता. पण म्हटलं जाऊ दे, आज सकाळीच कशाला वाद.

दुपारी गॅस्केट आलं. गुरुंगने हेडवर ठेवून पाहिलं, आणि दोन भोकं जुळेनात. दुसऱ्या जातीच्या इंजिनाचं पाठवलं होतं. आता काठमांडूहून मागवणार. माझा तोल गेला. मी ओरडलो, की पाच दिवस झाले, एक तारीख सांगा, कोणतीही सांगा, मी मानेन. आजूबाजूची माणसं जमली.

गुरुंगने हात पुसले. म्हणाला, "बाऊजी, तारीख बोल देना आसान है। आप बैठ जाओगे, फिर उस दिन उठकर मुझे गाली दोगे। जो मालूम नहीं, वो मैं नहीं बोलता।" मग जळकं गॅस्केट माझ्या हातात दिलं. "इंजन एकदम नहीं मरता। पहले बताता है। काँटा चढ़ रहा था, किसी ने देखा नहीं?"

अंकुश खाली बघत उभा होता. त्याने माझं नाव घेतलं नाही.

वर येऊन कांताला सांगितलं, "उद्या संध्याकाळी निघू."

"बरं." ती केस विंचरत होती. दोनदा फणी फिरवली की थांबत होती, मग पुन्हा. म्हणाली, "जरा बसा न माझ्यापाशी."

मी म्हणालो, येतो, गुरुंग काठमांडूला फोन लावून राहिला, नंबर बरोबर सांगतो का ते पाहून येतो. परत आलो तेव्हा तिचा बसूनच डोळा लागला होता.

एक गोष्ट इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार? मला भीती वाटते. गाडीची नाही. गाडी होईल नाही तर जाईल. मी तिला अडतीस वर्षांत एकदा कुठे आणलं, तेही असं. खिडकीच्या या बाजूला कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं.

३० मे, गुरुवार

कांताला तानसेनच्या इस्पितळात आणलं. ऑक्सिजन लावला आहे. आज एवढंच.

३१ मे, शुक्रवार. तानसेन

डॉक्टरीण बाई म्हणते धोका आज कमी आहे. संपला असं म्हणत नाही. बाकावर बसून लिहितो आहे. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल सकाळी सातला चहा घेऊन वर गेलो. कांता पलंगाच्या काठावर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. तोंड उघडं, श्वासाबरोबर छातीत घरघर, ओठ निळसर. बोलायला गेली तर शब्द निघेना. मी जिन्यातून ओरडत खाली गेलो. गुरुंग दुसऱ्या गाडीखाली होता. त्याने काही विचारलं नाही. अर्धं काम तसंच टाकलं, आपली मालाची गाडी काढली, मागे लॉजच्या बाईने गादी टाकली. अंकुशने आणि मी तिला उचलून आणलं. केवढी जड झाली होती! पाय दाबले तर बोट रुतत होतं.

मागे मी तिला टेकवून धरून बसलो. घाट, वळणं, खड्डे. तिने माझी बाही ओढली.

"किती... दूर हाय?"

"आलंच. दहा मिनिटं."

मला काही माहीत नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं. आणि ती हसली. एवढ्या त्रासात ती हसली, आणि डोळे मिटून घेतले. रस्ता सव्वा तासाचा होता. त्या सव्वा तासात तिने पुन्हा विचारलं नाही.

इस्पितळात सुईने औषध दिलं, अंगातलं पाणी काढायला. डॉक्टरीण बाईने विचारलं, कोणत्या गोळ्या, किती? मी तिच्या पिशवीतून डबी काढून दिली. बाईने ती टेबलावर उलटी केली.

सगळ्या अर्ध्या होत्या. मधून सुरीने कापल्यासारख्या, पाण्याच्या वेगळ्या, हृदयाच्या वेगळ्या, कागदाच्या पुड्यांत. एकही पूर्ण नाही. पुड्यांवर तिच्या अक्षरात तारखा, एक जूनपर्यंतच्या.

"ये आधी क्यों ले रही थी?" बाईने मला विचारलं. मी बत्तीस वर्षं खिडकीत उत्तरं दिली, आता पुड्यांवरच्या तारखा वाचत राहिलो.

आज दुपारी कांता बोलायला लागली. मी विचारलं, "कधीपासून?"

"गाडी बंद पडली त्याच दिवशी कापल्या."

"त्या दिवशी तर मी दोन तास म्हणालो होतो."

"म्हणूनच तं." ती थांबली, श्वास घेतला. "अवो, मी तुमची बायको हाय, प्रवासी नाही. तुमचे दोन तास म्हणजे आठ दिवस, हे मले माहीत नाही का? चार दिवसांच्या उरल्या होत्या. अर्ध्या केल्या, आठ दिवस झाले."

"मले सांगाचं न."

"तुम्ही आधीच एवढे घाबरून राहिले होते."

"मग प्रीतीले फोन लावाचा. चिठ्ठीचा फोटो तिनं पाठवला असता, बुटवललाच गोळ्या मिळाल्या असत्या."

कांताने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, म्हणूनच ऐकणं कठीण गेलं. "चिठ्ठी काहून पाहिजे म्हणून विचारलं असतं तिनं. पोखऱ्यात राहून गोळ्या कशा संपल्या, काय सांगणार होते मी? तुम्ही तिले पोखरा सांगितलं होतं न. तुम्हाले लेकीपुढं खोटं पाडू का?"

मी बाहेर आलो आणि व्हरांड्यात उभा राहून रडलो. ऑक्सिजनच्या नळकांड्या ढकलत नेणारा एक माणूस मला वळसा घालून गेला.

मग प्रीतीला फोन केला. सगळं सांगितलं, काट्यापासून डबीपर्यंत. ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, फोन ठेवा, फोटो पाठवते." चिठ्ठीचा फोटो अर्ध्या मिनिटात आला. घड्याळात पाहिलं मी. अर्धं मिनिट.

२ जून, रविवार. तानसेन

सकाळी ऑक्सिजन काढला. कांताचं वजन चार किलोने उतरलं, सगळं पाणी. पायात स्वतःच्या चपला आल्या. अंगठा अर्थातच तुटलेला नव्हता. लॉजच्या बाईने अंकुशबरोबर मऊ भात आणि डाळ पाठवली, त्यावर कांताने आपल्या ठेच्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरीण बाईने ठेचा जप्त केला, मीठ चालत नाही म्हणून. बाईने नंतर स्वतःच बोट लावून चाखला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पाहून कांता खूप दिवसांनी मोकळी हसली.

सकाळी तिला गोळी मी दिली. पूर्ण. तिने पाण्याच्या घोटाबरोबर घेतली आणि तोंड उघडून दाखवलं, शाळेतल्या मुलासारखं.

गुरुंगचा फोन आला. गॅस्केट काठमांडूहून निघालं आहे. मी विचारलं नाही कधी. तोच म्हणाला, "बाऊजी, लगाकर, चलाकर देखूँगा, फिर बोलूँगा।" मी म्हणालो, ठीक है. त्या दिवशी अर्धं काम टाकून उठल्याबद्दल आभार मानायचे होते. मानले. तो म्हणाला, "दीदी को नमस्ते बोलिए।"

दुपारी प्रीतीचा फोन. विचारलं, कधी निघता? मी म्हणालो, "दोन दिवसांत..." आणि जीभ चावली. म्हणालो, "थांब. डॉक्टर काय म्हणतात ते विचारून सांगतो."

संध्याकाळी खिडकीतून खालचं सगळं खोरं दिसतं. पाऊस नाही, धुकं नाही, आणि उत्तरेला खरोखरच बर्फाचे डोंगर दिसत होते. मी खिडकीपाशी उभा होतो. मागून कांता म्हणाली, "अवो, घरी कधी पोचू आपण?"

उत्तर तयार होतं. ओठांपर्यंत आलं होतं. परवा. बोलून टाकलं असतं तर सोपं गेलं असतं, तिलाही आणि मला तर फारच.

"मले माहीत नाही, कांता."

"काय म्हणाले?"

"माहीत नाही म्हटलं. गाडी कधी होते, डॉक्टर कधी सोडतात, मले खरंच काही माहीत नाही."

मी वळलो नाही. इतकी वर्षं हेच टाळत आलो होतो. आता काहीतरी आदळेल, असं पाठीला वाटत होतं.

जरा वेळाने पलंग करकरला. ती बाजूला सरकली होती.

"मग तिथं उभे काहून?" ती म्हणाली. "इथं बसा."

मी बसलो.